बुरशी भिंतीला, बोल भाडेकरूला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दरवर्षी परदेशी शिक्षणाची पुरवणी येते, कुठली युनिव्हर्सिटी, फी किती, व्हिसाला काय काय लागतं, सगळं व्यवस्थित असतं, पण पोरं तिथे गेल्यावर राहतात कुठे आणि कशी याबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहतोय आणि ओळखीपाळखीतून नवीन आलेली मराठी मुलं घर बघायला, सामान हलवायला सोबत बोलावतात, त्यामुळे दुसऱ्यांची घरंही आतून भरपूर बघून झालीत. ऑक्टोबर संपून थंडी पडली की फोन सुरू होतात. दादा, भिंतीवर काळं काहीतरी आलंय.

फोटो मागवला की बहुतेक वेळा तोच फोटो येतो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीचा कोपरा, वर छताला लागून नाहीतर खाली जमिनीजवळ, बारीक काळे ठिपके, मधे दाट आणि कडेला विरळ होत गेलेले. खिडकीच्या रबरावर काळी रेघ, काचेवरून रात्रभर ओघळलेलं पाणी चौकटीत साचलेलं. कपाट पुढे ओढलं की मागची भिंत त्याहून वाईट. मागच्या हिवाळ्यात एका मुलीने पलंगाखालची सुटकेस उघडली तर आतल्या चामडी चपलांवर हिरवट पांढरा थर, आणि इतका कोंदट वास की सुटकेस जिन्यात नेऊन ठेवावी लागली.

मग मालकाच्या वतीने घर सांभाळणाऱ्या एजंटला ईमेल जातो आणि एजंटचं उत्तरही ठरलेलं. हे लीकेज नाही, कंडेन्सेशन आहे (हवेतली वाफ गार भिंतीवर पाणी होऊन सुटणं), म्हणजे तुमच्या राहण्याच्या सवयींमुळे झालंय, खिडक्या उघडत जा, कपडे घरात वाळवू नका, स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा. सोबत एक पीडीएफ पत्रक, त्यात हसऱ्या घराचं चित्र. पोरं गप्प बसतात. कारण कपडे खरंच घरात वाळत असतात, कुकर खरंच रोज लागतो, आणि मनात कुठेतरी येतं की आपण इंडियन, आपल्याच फोडणीमुळे झालं असेल. घरी फोन केला तर आईवडील म्हणतात, परक्या देशात भांडणं नकोत, अ‍ॅडजस्ट कर. मला या अ‍ॅडजस्ट करण्याचाच राग येतो, कारण एजंटचं ते उत्तर अर्धंच खरं असतं आणि उरलेला अर्धा भाग मालकाच्या खात्यातला असतो.

आधी हे होतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की एजंटशी बोलताना माणूस दबत नाही. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. २० डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, १० डिग्रीला साडेनऊच्या आत. खोलीत २० डिग्री तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, जे अजिबात वाईट नाही, तर ती हवा १२ डिग्रीच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सुटतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. पण बुरशीला एवढंही लागत नाही हे फार लोकांना माहीत नसतं, भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, मग हाताला ओल लागो न लागो. वरच्याच खोलीत भिंत १५ डिग्रीवर आली की तेवढं पुरतं. आणि जुन्या इंग्रजी घरांच्या भिंती म्हणजे नुसत्या नऊ इंची विटा, मधे पोकळी नाही, इन्सुलेशन नाही, अशा भिंतीचा कोपरा किंवा कपाटामागचा भाग जानेवारीत १५ च्या खाली जाणं ही काही आश्चर्याची गोष्ट नाही, रोजचीच आहे.

म्हणजे गोष्टी तीन लागतात, हवेत वाफ, गार भिंत, आणि वाफ बाहेर जायला वाट नसणं. यातली पहिली भाडेकरूची, ती मी मान्य करतो. पण दुसरी आणि तिसरी कोणाची? भिंत काय पोरांनी बांधली? पत्रकात मात्र तिन्हीचा हिशोब भाडेकरूच्या नावावर मांडलेला असतो.

बरं, पहिलीसुद्धा किती टाळता येते. माणूस झोपेत श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतोच, आणि श्वास घेऊ नका असं अजून कुठल्या पत्रकात आलेलं नाही. मशीनमधून काढलेले कपडे वाळताना एका खेपेला दीड-दोन लिटर पाणी खोलीत जातं, हे खरंय, पण घराला गॅलरी नाही, अंगण नाही, मालकाने ड्रायर दिलेला नाही, बाहेर चार महिने पाऊस, आणि करारात लिहिलंय की कपडे घरात वाळवायचे नाहीत. मग वाळवायचे कुठे, डोक्यावर?

आणि पंखा. मी घर बघायला गेलो की आधी बाथरूममधला एक्झॉस्ट लावतो आणि टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीवर धरतो. चांगला पंखा तो ओढून धरतो. निम्म्या घरांत तुकडा सरळ खाली पडतो, पंखा नुसता घर्र घर्र आवाज करतो, मागचा पाइप धुळीने भरलेला किंवा माळ्यावर निखळून पडलेला. तिथल्या बांधकाम नियमांत नवीन बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी, स्वयंपाकघरात शेगडीच्या वर असेल तर ३० आणि दुसरीकडे कुठे असेल तर ६०. कागदाचा तुकडासुद्धा न ओढणारा पंखा भिंतीला लावून मालक भाडेकरूला व्हेंटिलेशनवर लेक्चर देतो, हे मला पटत नाही. खिडकीच्या वरच्या पट्टीत हवेसाठी बारीक फट असते ती रंगाने बंद झालेली, जुनी धुराडी विटा लावून बुजवलेली, हेही दर दुसऱ्या घरात.

पोरांची चूक नसतेच असं मी म्हणत नाही. गार हवा येते म्हणून भिंतीतल्या जाळीत कागदाचे बोळे कोंबणारे बघितलेत, आवाज होतो म्हणून पंख्याचं मेन बटण वर्षभर बंद ठेवणारेही. हीटिंग अजिबात न लावणारे तर खूप, आणि गार घरात बुरशी जास्त येते. पण हीटिंग न लावणं ही सवय नाही, तो खिशाचा प्रश्न आहे, आणि बिल किती येणार हे निम्मं घरावरच ठरतं. तिथे भाड्याने द्यायच्या घराला ए ते जी असा एनर्जीचा दाखला असतो, ए सगळ्यात चांगला, एप्रिल २०२० पासून ई च्या खालचं घर खासगी मालकाला भाड्याने देता येत नाही, काही अपवाद सोडून. हा दाखला सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून फुकट बघता येतो. घर ठरवायच्या आधी बघा. डी आणि ई मधला फरक आपल्याला एका अक्षराचा वाटतो पण फेब्रुवारीच्या बिलात तो चांगलाच कळतो.

आता कायद्याचं. इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ प्रमाणे घराचा ढाचा, बाहेरची बाजू, पाइप, हीटिंग हे दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. छप्पर गळलं, गटार फुटलं तर प्रश्नच नाही. पण कंडेन्सेशनमध्ये मोडलेलं काहीच नसतं ना. क्विक विरुद्ध टॅफ ईली कौन्सिल (कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका) म्हणून एक केस आहे, त्याच काळातली, घरात इतकं पाणी सुटायचं की सामान कुजलं, कारण खिडक्यांवरचे काँक्रीटचे लिंटल, म्हणजे आडव्या तुळया, इन्सुलेशनशिवाय आणि खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, एकाच काचेच्या. अपील कोर्ट म्हणालं, घराची रचना वाईट आहे पण काही बिघडलेलं नाही, मग दुरुस्ती कशाची करायची? झालं, पुढची तीसेक वर्षं मालकांना ही ढाल मिळाली, आणि कंडेन्सेशन या शब्दावर एजंट लोकांचं इतकं प्रेम का ते इथे कळतं. लीकेज म्हटलं तर त्यांचं काम निघतं, कंडेन्सेशन म्हटलं तर तुमचं.

याच १९८५ च्या कायद्यात कलम ८ आणि १० होती, घर माणसाने राहण्यालायक हवं, त्यात ओलीपासून मुक्त असणं आणि व्हेंटिलेशन हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं. पण ती लागू कोणाला? ज्यांचं वर्षाचं भाडं लंडनमध्ये ८० पौंड आणि बाहेर ५२ पौंडाच्या आत आहे त्यांना. आठवड्याचं नाही, वर्षाचं. हे आकडे १९५७ चे आणि ते कोणी वाढवलेच नाहीत, म्हणजे कायदा पुस्तकात होता पण त्यात बसणारं घर इंग्लंडात शोधून सापडलं नसतं. शेवटी कॅरन बक या खासदार बाईंनी स्वतंत्र विधेयक आणून ते बदललं, होम्स (फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अ‍ॅक्ट २०१८, लागू झाला २० मार्च २०१९ ला. आता भाड्याची अट नाही. घर राहण्यालायक आहे का हा प्रश्न, काही मोडलंय का हा नाही. म्हणजे घराच्या रचनेमुळे कंडेन्सेशन होत असेल आणि त्याने घर राहण्यालायक उरत नसेल तर जबाबदारी मालकाची. भाडेकरूने घर नीट न वापरल्यामुळे झालं असेल तर नाही, पण रोज वरणभात शिजवणं आणि आंघोळ करणं म्हणजे घर नीट न वापरणं नव्हे.

आपल्या सवयींकडे बोट दाखवण्याचा प्रकार कुठवर जातो याचं उदाहरण रॉचडेल गावात घडलं. अवाब इशाक, दोन वर्षांचा मुलगा, आईवडील सुदानमधून आलेले, हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायचे. वडिलांनी २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली तर उत्तर मिळालं, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये मुलगा गेला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) निष्कर्ष दिला की श्वसनाचा जो आजार झाला तो घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे. त्या कुटुंबाच्या राहणीमानाबद्दल आपण गृहीतकं धरली आणि ती चुकीची होती हे नंतर त्या संस्थेने स्वतः कबूल केलं. त्याच्या एक वर्ष आधीच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तिथल्या हाउसिंग ऑम्बड्समनने (घरांबाबतच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) ओल आणि बुरशीवर अहवाल काढला होता, नावातच म्हटलं होतं की ही लाइफस्टाइल नव्हे. पण पत्रकं छापायची थांबली नाहीत.

त्या मुलाच्या नावाने नियम आले, अवाब्ज लॉ. २७ ऑक्टोबर २०२५ पासून कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांत तातडीच्या धोक्यावर २४ तासांत काम करावं लागतं, ओल-बुरशीची गंभीर तक्रार आली की कामाच्या १० दिवसांत तपासणी, तपासणी झाल्यावर कामाच्या तीन दिवसांत लेखी निष्कर्ष, आणि धोका दिसला तर कामाच्या पाच दिवसांत घर सुरक्षित करणं. खासगी मालकांपर्यंत हे नेण्याची तरतूद रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ मध्ये केलेली आहे. पण आपली पोरं बहुतेक खासगी घरांतच राहतात आणि त्यांनी तेवढ्यासाठी वाट बघत बसायचं कारण नाही, २०१८ चा कायदा त्यांना आत्ताही लागू आहे.

करायचं काय, तर पहिलं म्हणजे फोन नाही, ईमेल. एजंट फोनवर गोड बोलतो आणि नंतर म्हणतो आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं, आणि घराच्या आतल्या दुरुस्तीची जबाबदारी साधारणपणे मालकाला कळवल्यापासूनच सुरू होते. फोटो तारखेसकट. दहा-बारा पौंडात तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो तो घ्या आणि सकाळ-रात्र आकडे लिहून ठेवा, कारण खोली १९ डिग्री, आर्द्रता ५८ टक्के, पंखा चालू, खिडकी रोज थोडा वेळ उघडी, आणि तरीही कोपरा काळा, असा कागद समोर ठेवला की सवयींवरचं लेक्चर बंद होतं. मी हे होताना बघितलंय. एका घरात तर मीटरमुळे उलटंच निघालं, आर्द्रता पन्नाशीत होती आणि डाग फक्त पाऊस पडल्यावर वाढायचा, ते कंडेन्सेशन नव्हतंच, वरच्या पन्हळीला भगदाड होतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओलीची पट्टी आणि वर मिठासारखी पांढरी रेघ असेल तर तेही कंडेन्सेशन नव्हे, ती जमिनीतून चढलेली ओल.

बुरशी कोरडी खरवडायची नाही, बीजाणू खोलीभर उडतात. बुरशीनाशक लिक्विड लावून ओल्या फडक्याने पुसायची, फडकं फेकून द्यायचं. ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि मालक म्हणाला की अँटी-मोल्ड पेंट मारून देतो तर रंगाच्या आधी पंख्याचं काय ते विचारा, भिंत तेवढीच गार राहिली तर रंगाखालून परत येतेच.

मालक हललाच नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाला लिहायचं. २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टखाली ते घर तपासतात, एकूण २९ प्रकारचे धोके बघतात, त्यात ओल आणि बुरशी आहे, आणि सुधारणेची नोटीस काढू शकतात. कौन्सिलकडे माणसं कमी, वेळ लागतो, पण नुसता तुमचा ईमेल गेल्यावर मालक प्लंबर पाठवतो असंही होतं. बाहेर काढतील ही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नव्हती, कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देण्याचं कलम २१ हे मालकांचं हत्यारच होतं. ते १ मे २०२६ पासून रद्द, आणि नवीन करारात एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागणंही बंद. आपल्या मुलांकडून सहा सहा महिन्यांचं भाडं आधी घेतलं जायचं, एकदा सगळे पैसे मालकाकडे गेले की मग पंखा कोण दुरुस्त करतंय.

एक मात्र करू नका, भाडं थांबवू नका. रागाच्या भरात मित्र हाच सल्ला देतात. भाडं थकलं की मालकाला घर परत मागायला आयतं कारण मिळतं.

डिपॉझिटवरूनही भांडण होतं, घर सोडताना भिंत रंगवायचे म्हणून दोन-तीनशे पौंड कापतात. वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, नाही ठेवलं तर एक ते तीन पट दंड भाडेकरूला मिळू शकतो. त्या योजनेत वाद फुकट सोडवला जातो आणि पैसे का कापले हे मालकाला सिद्ध करावं लागतं. नोव्हेंबरातले ते ईमेल तेव्हा कामाला येतात.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे. युनिव्हर्सिटीच्या हॉल्सनाही, म्हणजे वसतिगृहांनाही, यातलं बरंच लागू होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपली बरीच मुलं ओळखीच्या कुटुंबात एक खोली घेतात, मालक त्याच घरात राहतो, घरचं वातावरण म्हणून आईवडिलांनाही बरं वाटतं. अशा ठिकाणी मुलगा भाडेकरू नसतो, लॉजर असतो, आणि २०१८ चा कायदा त्याला सहसा लागू होत नाही, डिपॉझिटचं संरक्षणही नाही. तिथे खोली बघायला जाल तेव्हाच कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, ओशाळू नका. अडचण आलीच तर युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स युनियनमध्ये घरांबाबत सल्ला देणारी माणसं असतात, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि शेल्टर या संस्था आहेत, तिघांकडेही पैसे लागत नाहीत. पुढच्या पुरवणीत व्हिसाच्या चौकटीशेजारी एवढं तरी छापा.

आपला,
इंग्लंडमधला एक वाचक आणि भाडेकरू